तात्यांच्या हातचा घोट

गेल्या हिवाळ्यात माझ्या डाव्या हाताला दोनदा मुंग्या आल्या आणि अर्धा तास जीभ जड झाली. बावन्नाव्या वर्षी हे लक्षण चांगलं नाही, एवढं डॉक्टर म्हणून मलाही कळत होतं. औरंगाबादच्या एका ओळखीच्या हृदयतज्ज्ञाने टूडी इको करायचं ठरवलं. हृदयाच्या पडद्याला कुठे बारीक छिद्र आहे का, ते बघायचं होतं.

यंत्रावर पंचविशीची एक मुलगी होती. तिने दोन सिरिंजा एका तोटीला जोडल्या आणि सलाईनचं पाणी या सिरिंजेतून त्या सिरिंजेत इतक्या जोराने खेळवलं की त्याला फेस आला. तो फेस शिरेतून हृदयात पोचला की यंत्राच्या पडद्यावर पांढरा उजळतो, आणि छिद्र असेल तर त्यातून पलीकडे सांडताना दिसतो. तिचा एक हात माझ्या छातीवर होता, नजर पडद्यावर. सिरिंज तिने नर्सकडे दिली आणि म्हणाली, "अजून नको... अजून नको... आता." मग मला, "श्वास धरा काका. धरा. धरा. सोडा."

माझ्याबरोबर तिनेही श्वास धरला होता. मी सोडला तेव्हा तिनेही सोडला.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"डॉक्टर सांगतील, काका."

छिद्र नव्हतं. पण त्या टेबलावर पडल्या पडल्या माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सुई दुखली असं वाटून ती बिचारी माझा हात चोळत राहिली. मी तिला खरं कारण सांगितलं नाही. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. आज लिहून टाकतो.

बाहत्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी मी परभणी जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात रुजू झालो. गावाचं नाव लिहीत नाही. रेल्वेच्या रस्त्यावरचं गाव, एवढं पुरे. दवाखान्यात एक्स-रेचं एक जुनं यंत्र होतं आणि ते चालवणारे किसन खिल्लारे होते. शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना तात्या म्हणत. रोज सकाळच्या गाडीने ते पिंगळीहून येत. बुटकी, सावळी मूर्ती. पांढरा इस्त्रीचा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत बंद. फिल्म धुण्याच्या औषधाने नखं तपकिरी झालेली, त्यामुळे नव्या माणसाला वाटायचं की हे तंबाखू खातात. त्यांना सुपारीचंही व्यसन नव्हतं.

एक्स-रेच्या खोलीला लागून पिठाची गिरणी होती. गिरणी चालू असली की विजेचा दाब उतरायचा आणि फिल्म फिकी यायची. वर अर्ज करून करून तात्या थकले, मग त्यांनी गिरणीवाल्याशीच परस्पर तह केला. खिडकीतून लाल फडकं बाहेर आलं की गिरणी थांबायची. डब्यांवर बसलेल्या बाया कालवा करायच्या.

"आता कोणाचं काळीज बगायलाव तात्या? आमचं जोंधळं दळायचं का न्हाई?"

"तुमचं बी बगतो की मावशे. या आत."

"माझं काय बगता? माझ्या सुनंचं बगा. हाय का न्हाई, ते तरी कळंल!"

हसणं ओसरलं की दोन मिनिटं सगळी गल्ली गप्प व्हायची. त्या दोन मिनिटांत तात्या आपलं काम करायचे.

त्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल. लहानपणी सांधे धरून ताप येतो, आठ-पंधरा दिवसांत बरा होतो आणि घरचे विसरून जातात. पण पुढे कित्येक वर्षं हृदयाची एक झडप आतल्या आत आवळत जाते. तिच्या मागचा कप्पा फुगतो आणि आपल्या पाठीमागून जाणाऱ्या अन्ननळीला रेटतो. सुरुवातीला साध्या फोटोत हे सहसा कळत नाही. त्यासाठी रोग्याला तिरपं उभं करायचं, बेरियमचा दाट पांढरा घोट गिळायला लावायचा, आणि तो नळीतून उतरत असतानाच फोटो घ्यायचा. मग नळी पांढरी उमटते आणि हृदय तिला कुठे दाबतंय ते दिसतं. घोट पुढे गेला की नळी रिकामी, आणि फिल्म वाया. इको आमच्याकडे यायच्या आधी आमच्या हातात एवढंच होतं.

तात्या बेरियम स्वतः कालवायचे. ताकापेक्षा दाट, पिठल्यापेक्षा पातळ. चमचा वर धरून थेंब कसा पडतो ते बघायचे. रोग्याला आधी दोन-तीनदा नुसत्या तोंडाने गिळण्याची तालीम द्यायचे. मग फाटक्या शिशाच्या एप्रनमध्ये त्याच्या शेजारीच उभे राहायचे. डाव्या हातात गिलास, उजव्या हातात लांब वायरचं बटण. गिलास रोग्याच्या ओठाला ते स्वतः लावायचे. "घ्या तोंडात. धरा. अजून न्हाई... अजून न्हाई... आता गिळा. दम धरा!" त्यांची नजर रोग्याच्या गळ्याच्या घाटीवर असायची. ती वर गेली की बटण. रोग्याबरोबर तेही दम धरायचे. दिवसभर दम धरून धरून दुपारनंतर त्यांना धाप लागायची.

किरणांत हात धरू नका, असं मी त्यांना एकदा सांगितलं.

"हात मागं घेतला तर अंदाज जातो साहेब," ते म्हणाले. "माझे दोन्ही हात एका मनानं चालत्यात. एक दुसऱ्याकडं दिला की गेलं."

ताडकळसच्या बाजारात शेळी विकून एक म्हातारा थेट दवाखान्यात आला होता, छातीत कळ येते म्हणून. घोट गिळला, ओठ चाटले आणि म्हणाला, "लय झ्याक हाय. अजून एक गिलास भर की!"

"सरकारी लस्सी हाय बाबा. एकाला एकच."

"मंग म्हातारीला बी घेऊन येतो उद्या."

"आना. पर तिच्या छातीत बी दुकाय पायजे!"

सगळेच त्या म्हाताऱ्यासारखे नव्हते. घोट कुणाच्या हातचा, हा प्रश्न पुष्कळांना पडायचा. तात्या तो पडू द्यायचेच नाहीत. आधीच सांगून टाकायचे. गिलास भरला की एका सुरात म्हणायचे, "मी खिल्लारे. पिंगळीचा. बौद्ध. औषध सरकारचं, पाणी नळाचं, गिलास उकळलेला. हात तेवढा माझा." आणि थांबायचे. बहुतेक जण पीत. काही जण काहीतरी निमित्त काढून निघून जात. तात्या गेलेल्याबद्दल शब्द काढत नसत. गिलास धुऊन पालथा घालत.

एकदा पोखर्णीकडचे एक पाटील आले. तात्यांचं बोलणं ऐकून म्हणाले, "आमचा गडी देईल गिलास. तू बटण दाब."

"देऊ द्या की पाटील," तात्या म्हणाले. "पर मग बटण बी त्यालाच दाबू द्या. आन् फोटो बी त्याचाच काडू. तुमचा येणारच न्हाई, तर त्याचा तरी येऊ दे."

पाटील क्षणभर लाल झाले. मग मोठ्याने हसले आणि तात्यांच्या हातून प्याले. मी दारात उभा होतो. मला तात्यांचा फार अभिमान वाटला होता. अभिमान वाटायला काही मोल पडत नाही.

दुसऱ्याच्या सोवळ्या-ओवळ्याची मात्र त्यांना बारीक जाण होती. आम्ही लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं आणि ते अंगावरून उतरवायचं नसतं. चांदी तर फोटोत येते. आधीचा तंत्रज्ञ सरळ "काढा ते" म्हणायचा आणि भांडणं व्हायची. तात्या म्हणायचे, "काडू नका. दोरा गळ्यातच राहू द्या, डबी मुठीत धरा, मूठ कपाळाला लावा. देव बी वर राहतो आन् फोटो बी साफ येतो." हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

फोटोत काय दिसलं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. "मी काडतो. सांगायचं साहेबांनी," असं म्हणून ते अंधाऱ्या खोलीत शिरायचे. पण मला लवकरच एक गोष्ट कळली. साधी फिल्म वाळून शिपायाच्या हाती माझ्याकडे यायची. घाईचं काही असलं की तात्या स्वतः ओली फिल्म चिमट्याला धरून यायचे, व्हरांड्यात पाण्याची रेघ उमटवत. ती रेघ दिसली की मी हातातलं काम टाकून उठायचो. चांगल्या फिल्मला ते "बोलली" म्हणत. "ही बोलली साहेब. बगा."

आता नंदा.

महानंदा माझी धाकटी बहीण. ताडकळसला आमचं किराणा-भुसाराचं दुकान. मी दवाखान्यात लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी तिचं लग्न ठरलं. नंदा वीस वर्षांची होती. हसताना तोंडावर पदर धरायची, कारण समोरचा एक दात थोडा पुढे होता. लग्नाच्या पंधरवड्याआधी मी घरी गेलो तेव्हा माडीचा जिना चढून ती मधल्या पायरीवर बसली. "घाईगडबडीनं थकलीय," आई म्हणाली. मी नंदाला डाव्या कुशीवर झोपवून छाती ऐकली. अगदी खोल कुठेतरी घरघर होती, किंवा नव्हती. मला खात्री देता येईना. लहानपणी तिचे गुडघे सुजून ताप आला होता, हे मला त्या क्षणी आठवलं. मी आईला म्हटलं, एक फोटो काढून घेऊ. आईच्या कपाळाला आठी पडली. लग्नाआधी मुलीला दवाखान्यात नेलं हे कुणाच्या कानावर जायला नको होतं. शेवटी "गुपचूप उरकायचं" या अटीवर ती नंदाला घेऊन आली. हळदीला चार दिवस उरले होते.

येताना आईने घरचं पाणी पितळेच्या तांब्यातून आणलं होतं.

तात्यांनी नंदासाठी स्टूल पुसलं. "बसा ताई. डॉक्टरसाहेबांची बहीण मंजी आमची बी पावणी." लिंगाची डबी मुठीत कशी धरायची ते दाखवलं. मग गिलास भरून त्यांनी आपलं नेहमीचं बोलणं म्हटलं. मी खिल्लारे. पिंगळीचा. बौद्ध. एक शब्द कमी केला नाही, एक जास्त नाही.

आई त्यांच्याशी बोलली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "शिवू, औषध तू दे. पाणी मी आणलंय."

"आई, काय होतंय?" नंदा म्हणाली. "एक घोट तर हाय."

"तू गप बैस. चार दिवसांवर हळद आलीय."

ज्या परंपरेत आम्ही जन्मलो तिने जात मोडायला सांगितली होती. लहानपणापासून घरात वचनं ऐकली होती. पाटलाच्या वेळी तात्या काय म्हणाले, तेही मी याच खोलीत ऐकलं होतं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: आई, तात्यांच्याच हातून घ्यावं लागतं, नाहीतर फोटो येत नाही. वाक्य खरं होतं, सोपं होतं. मी म्हटलं, "तात्या, आज औषध मी देतो."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाटलाला दिलेलं उत्तर त्यांनी मला दिलं नाही. माझ्या आईसमोर मला खाली बघायला लावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "द्या साहेब," ते म्हणाले आणि बाजूला झाले. भरलेला गिलास त्यांनी स्वतःच मोरीत ओतला.

मी तांब्यातल्या पाण्यात बेरियम कालवलं. पातळ झालं. लाल फडकं बाहेर गेलं, गिरणी थांबली. मी गिलास नंदाच्या ओठाला लावला आणि किरणांच्या भीतीने लगेच मागे सरलो. नंदाला कुणी तालीम दिली नव्हती. ती घाबरली आणि घोट तोंडात न धरता गिळून मोकळी झाली. तात्या "आता" म्हणाले तेव्हा गिळायला काही उरलं नव्हतं. बटणाचा आवाज झाला.

थोड्या वेळाने व्हरांड्यात पाण्याची रेघ उमटवत तात्या स्वतः आले. माझ्या खोलीत नंदा आणि आई बसल्या होत्या. तात्यांच्या हातातल्या फिल्मचं पाणी ठिबकत होतं. आईने नंदाचा दंड धरून तिला ओढलं. "सरक तिकडं. अंगावर उडंल."

तात्यांनी हात मागे घेतला. फिल्म आपल्याच शर्टापाशी धरली. इस्त्रीचा शर्ट भिजला.

"साहेब, नळी रिकामी आली," ते हळू आवाजात म्हणाले. "परत घ्यावी लागंल. या बारीला मी देतो. एकच घोट."

मी फिल्म खिडकीकडे धरली. नळीच्या जागी एक पुसट रेघ होती. बाकी हृदय मला ठीक वाटलं. ठीक वाटावं अशीच माझी इच्छा होती. आई उठून पदर सावरत होती.

"राहू द्या तात्या. बाकी ठीकच दिसतंय."

"साहेब, ही फिल्म बोलत न्हाई."

"पुरे झालं, तात्या."

ज्या आवाजात आमच्या दुकानात हमालांशी बोलतात, त्या आवाजात मी ते बोललो. मला तो आवाज अजून ऐकू येतो. तात्या दारापाशी थोडा वेळ उभे राहिले. त्यांचे ओठ हलले, असं मला वाटलं. मग ते गेले. मी कागदावर लिहिलं: हृदय सामान्य.

लग्न थाटात झालं. दोन वर्षांनी नंदाला दिवस गेले. सातव्या महिन्यात तिला झोपता येईना. उशाशी गाठोडी रचून ती बसून राहायची. सासरच्यांनी बाळंतपणाचा त्रास समजून आठ दिवस काढले आणि मग आमच्याच दवाखान्यात आणलं. तिच्या ओठांना निळी झाक होती. फेसाळ थुंकी येत होती. मोठ्या साहेबांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि एका मिनिटात मला म्हणाले, "झडप आवळलीय. किती वर्षांपासून असेल. तू कधी ऐकलं नाहीस?" ऑपरेशन व्हायचं ते मुंबईला, आणि तिला परभणीपर्यंत नेण्याइतकाही श्वास उरला नव्हता. चौथ्या दिवशी दुपारी नंदा गेली. मूलही गेलं.

तेराव्यानंतर मी कामावर हजर झालो. मोठ्या साहेबांनी जुनी फिल्म शोधून काढली होती. त्यांनी ती उजेडाला धरली. खोलीत आम्ही तिघेच होतो, ते, मी आणि तात्या.

"अन्ननळी रिकामी आहे. ही फिल्म कुणी काढली?"

"मी काडली साहेब," तात्या म्हणाले.

"बेरियम गेल्यावर काढलीस. परत का नाही घेतली?"

तात्या माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. त्यांनी पाहिलं नाही. कदाचित मला बोलायला वेळ द्यावा म्हणून ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवर कुटुंब नियोजनाचा तक्ता होता. मी तो सगळा वाचला. मग मोठे साहेब म्हणाले, "निष्काळजीपणा आहे हा. माणूस गेलं." आणि तात्या म्हणाले, "हो साहेब."

त्यांना मेमो मिळाला. इतक्या वर्षांच्या नोकरीतला पहिला. शिवाय हुकूम निघाला की यापुढे बेरियम नर्सने द्यायचं, तंत्रज्ञाने नुसतं बटण दाबायचं. तेव्हापासून दर दोन फिल्मांमागे एक रिकामी येऊ लागली. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तात्या फिल्मा वाळवून शिपायाच्या हाती पाठवत राहिले. "बोलली" हा शब्द मी पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

घरी मी सांगितलं, फोटो नीट आला नव्हता. हे खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त वाईट होतं. आई मरेपर्यंत म्हणायची, "त्या फोटोवाल्यानं माझी लेक घालवली." पुढची वीस वर्षं मी ते ऐकत जेवलो. वर्षभरात मी राजीनामा देऊन नांदेडला स्वतःचा दवाखाना टाकला. तात्यांचा निरोप न घेता निघालो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा कळलं की तात्या निवृत्त झाले आणि त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं कापावी लागली. किरणांनी कातडी जळत जाते, जखम भरत नाही आणि पुढे तिचं भलतंच होतं. गिलास धरणारा हात. मी त्याच आठवड्यात पिंगळीला गेलो. सगळं सांगून टाकायचं, हे ठरवूनच गेलो होतो.

स्टेशनामागेच त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. घरात ते एकटेच होते. शर्ट तसाच, पांढरा आणि इस्त्रीचा. मला बघून धांदलीने उठले. "साहेब! तुमी कशाला आलाव? निरोप धाडायचा, मी आलो असतो." त्यांनी बाज झटकून मला बसवलं आणि स्वतः उंबऱ्यावर बसले. मी बाजेवर जागा करून "इथे बसा" म्हटलं तरी ऐकलं नाही.

मी बोलायला सुरुवात केली. मेमोपासून.

"मेमोचं काय घेऊन बसलाव साहेब," ते म्हणाले. "मेमो बराबरच होता."

"बराबर कसा? औषध मी दिलं होतं. आई बोलली म्हणून दिलं. आणि मोठ्या साहेबांसमोर मी गप्प बसलो."

"तुमच्यासमोर आई होती. माझ्यासमोर काय होतं? फिल्म होती." पट्टी बांधलेला हात त्यांनी मांडीवर ठेवला. "नळी रिकामी होती, पर काळजाची डावी किनार सरळ यायलती. बऱ्या काळजाला तिथं बाक असतो साहेब. एवढी काळजं बगितली मी. फिल्म वली होती तवाच दिसलं मला. दारापशी उबा राहिलो न्हाई का मी? सांगू का, सांगू का, असं व्हायलतं. मंग मनात आलं, बाईंना वाटंल ह्याला माझ्या लेकीला बाटवायचंच हाय, मनून हट्ट धरायलाय. आन् मी गेलो."



"भांडाय पायजे होतं," ते म्हणाले. "एका घोटासाठी भांडाय पायजे होतं. लेकरू वाचलं असतं. त्यांचं वय काय होतं साहेब, ताईंचं?"

"बावीस."

"बावीस," ते म्हणाले आणि बाहेर बघत राहिले.

मी ज्या गोष्टीची क्षमा मागायला आलो होतो ती गोष्ट इतकी वर्षं ते आपली समजून वागवत होते. मी एकदा जरी येऊन गेलो असतो तरी त्यांचं ओझं उतरलं असतं. मी म्हणालो, "तात्या, चूक माझी होती. सगळी माझी." त्यांनी मान हलवली, पण एखाद्या दुखणेकऱ्याचं ऐकून घ्यावं तशी. त्यांना ते पटलं नाही. मला उशीर झाला होता.

गाडीची वेळ होत आली. माझा घसा कोरडा पडला होता, पण मी केवळ तहानेने बोललो नाही. मी म्हटलं, "तात्या, पाणी द्या."

ते पटकन उठले. कोपऱ्यात माठ होता, त्यावर चकचकीत घासलेला गिलास. ते माठापर्यंत गेले. क्षणभर थांबले. मग "आलो साहेब" म्हणून बाहेर पडले आणि स्टेशनाच्या दुकानातून गोळीची सोडावॉटरची बाटली घेऊन आले. बंद बाटली. शर्टाच्या टोकाने तिचं तोंड पुसत म्हणाले, "आमचं पाणी खारं हाय साहेब. सोडा प्या. तुमीच फोडा, माझ्या हाताला जोर न्हाई आता."

पिंगळीचं पाणी खारं नव्हतं. गाडीतून उतरल्यावर मी स्टेशनच्या नळावर तोंड धुऊन चूळ भरली होती. मी म्हणू शकलो असतो, तात्या, मला माठातलंच द्या. चार शब्द होते. पण ते माझ्याकडे अशा काळजीने बघत होते, माझी अडचण टळली याचं त्यांना इतकं समाधान वाटत होतं, की मी अंगठ्याने गोळी दाबली, सोडा प्यालो आणि रिकामी बाटली त्यांच्याकडे दिली.

त्यानंतर सहा महिन्यांनी ते वारले. मला पत्र उशिरा मिळालं.

मी पिंगळीला गेलो त्या दिवशी ते मला गाडीत बसवायला आले होते. डब्याच्या दारापासून चार हात लांब उभे राहिले. गाडी हलली तसा मी खिडकीतून हात बाहेर काढला. त्यांनी पट्टीचा हात वर केला, मग बाटली परत करायला वळले. फलाटावर ऊन होतं. दुकानाच्या फळीपाशी ते गिऱ्हाइकांच्या मागे उभे राहिले, आणि समोरची सगळी माणसं निघून जाईपर्यंत ती रिकामी बाटली छातीशी धरून तसेच थांबले.